कडक आहे ना, एवढंच विचारायचो

दालमिलचा रोला घासला की तो आमच्याकडे येतो. अकोल्याच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. रोल्यावरचा जुना थर उतरवायचा, कार्बोरंडमचा नवा थर चढवायचा, तोल साधून परत द्यायचा, हा मुख्य धंदा. जोडीला बेअरिंग, शाफ्ट आणि हंगामात रोटाव्हेटरची पाती. म्हणजे घासणाऱ्या आणि घासल्या जाणाऱ्या, दोन्ही वस्तूंवर माझं पोट. तरी घासणं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. दुकानात माल घ्यायला गेलो की माझा एकच प्रश्न असायचा, "कडक आहे ना?" दाणा किती जाड आहे, त्याला कोपरे किती आहेत, सगळे दाणे एका मापाचे आहेत का, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. त्याचा भुर्दंड काही मी भरला, काही गिऱ्हाइकांनी भरला आणि एका माणसानं आपल्या छातीनं भरला.

ज्यांनी दालमिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुरीचं टरफल डाळीवर नुसतं बसलेलं नसतं, मधे डिंकासारखा चिकट थर असतो. म्हणून तूर सरळ भरडली तर टरफल निघत नाही, डाळच फुटते. आधी तूर रोल्यावरून काढून टरफलावर ओरखडे पाडायचे. मग तेल चोळायचं, उन्हात पसरायचं, पाणी मारून रात्रभर ढीग लावायचा आणि वाळवून पुन्हा रोल्यावर घ्यायचं. ओरखड्यांतून तेल-पाणी आत जातं, डिंक सैल होतो आणि टरफल सुटतं. मोठ्या मिलमध्ये हेच चालतं. आमच्या इथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल बचत गटांपर्यंत पोचली, तिच्याही पोटात एमरीचा रोलाच आहे. तुरीत टरफल वजनानं 11 ते 15 टक्के. म्हणजे हिशेबानं डाळ 85 टक्क्यांच्या आसपास पडायला हवी. जुन्या पद्धतीनं पडते 70 ते 75. मधला माल चुरी आणि पीठ होऊन भुश्यात जातो, आणि त्यात रोल्याचा वाटा मोठा असतो.

माझी पहिली मोठी चूक तिथंच झाली. दर्यापूरकडच्या एका मिलवाल्याची तक्रार होती की रोला हळू चालतो, एकाच मालाला जास्त फेऱ्या द्याव्या लागतात. त्याच्या रोल्यावर 36 नंबरचा दाणा होता. मी त्याहून जाड, 24 नंबरचा चढवला. मॅग्नेसाइटची पूड, मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी आणि दाणा असा तो गारा असतो. सोरेल नावाच्या फ्रेंच माणसानं 1867 साली काढलेलं हे सिमेंट आजही आमच्या धंद्याचा पाया आहे. थर सुरेख बसला. हात फिरवला तर कातडी निघेल असा खरखरीत. मी खूश. जितकं खरखरीत तितकं जलद, हा माझा हिशेब.

मिलवाला आला तो पिशवी घेऊनच. माझ्या टेबलावर त्यानं माल ओतला आणि म्हणाला, "काऊन भाऊ, हे दालमिल हाय का पिठाची गिरणी? दाय कुठं हाय याच्यात?"

मी मूठभर तळहातावर घेऊन पसरली. दाणे फुटलेले होते, ते दिसतच होतं. पण जे अख्खे होते त्यांच्याही कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, पाठीवर फिक्या रंगाच्या खाचा होत्या आणि बोटांच्या बेचक्यात पिवळं पीठ राहत होतं. त्यात गंमत अशी की काही दाण्यांच्या एका बाजूला अर्धं टरफल तसंच होतं. एका अंगाला डाळ खणली गेली आणि दुसऱ्या अंगाला टरफलाला धक्काही नाही. फटका डाळीला भाव मिळतो तो तिच्या अख्ख्या, साफ कडांमुळे. हा माल चुरीच्याच भावानं गेला असता.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवणारा माझा भाचा दिवाळीत घरी आला होता. त्याला हे सांगितलं तर त्यानं वहीच काढली. "मामा, तुरीचा दाणा किती मोठा?" साडेपाच मिलिमीटर धरला. टरफल वजनानं बारा टक्के. त्यावरून टरफलाची जाडी आली मिलिमीटरचा दहावा भाग, फार तर थोडी जास्त. आता 24 नंबरचा दाणा पाऊण मिलिमीटरच्या जवळ जातो. त्यातला अर्धा गाऱ्यात रुतलेला धरला तरी उरलेला टरफलाच्या तिप्पट बाहेर डोकावतो. तो टरफलावर थांबेल कसा? 36 नंबर अर्ध्या मिलिमीटरचा. तोही थोडा जाडच, पण जुन्या रोल्यावर त्याची टोकं झिजून बोथट झालेली होती म्हणून निभत होतं.

हे टोकांचं प्रकरण मी नंतर घड्याळजीकडची लेन्स आणून पाहिलं. उतरवलेल्या जुन्या थराचा एक तुकडा आणि नव्या थराचा एक तुकडा शेजारी ठेवला. नव्यातले दाणे फुटलेल्या काचेसारखे, प्रत्येकाला तीन-चार सुळे. जुन्यातल्या दाण्यांचे माथे सपाट, चकाकणारे, कडा गोल. कार्बोरंडम दोन्हीकडं तोच आणि कडकपणाही तोच. काम मात्र दोघांचं वेगळं.

खरं म्हणजे हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पाथरवटाकडून जातं टाकवून आणलं की आजी पहिले काही घास दळायची आणि म्हणायची, "हे पीठ ढोरायले घाल." नव्या टाक्यांची टोकं मोडून पिठात कचकच येते, ती बसली की जातं सरळ चालतं. मी मात्र नवा रोला थेट चांगल्या मालावर चढवायला दिला. आता आधी भुसा आणि हलकी तूर फिरवून टोकं मारून घेतो, मगच गिऱ्हाइकाच्या ताब्यात देतो.

त्या मिलवाल्याला रोला फुकट करून दिला आणि मालाच्या भावातला फरकही भरला. पण चूक सुधारताना मी दुसऱ्या टोकाला गेलो. जाड दाण्यानं डाळ फोडली, तर बारीक दाणा बरा, असं म्हणून पुढच्या एका रोल्यावर 80 नंबर चढवला. जाडी सुमारे 0.18 मिलिमीटर. डाळ खरंच फुटली नाही. टरफलही निघालं नाही. तुरीला तेल लावलेलं, त्यात तो डिंक, त्यात भुश्याची पूड. दाण्यांमधल्या बारीक फटी या सगळ्यानं भरून गेल्या. चार दिवसांत रोला आरशासारखा गुळगुळीत. मिलवाल्यानं वजन वाढवून दाब दिला, तर तूर तापली आणि करपट वास सुटला. जाड दाण्याच्या मधल्या दऱ्या मोठ्या असतात, भुसा त्यांतून वाहून जातो, ही साधी गोष्ट मी धरलीच नव्हती.

तिसरी चूक कंजुषीची. जुना थर उतरवला की दाणा खाली पडतो. कार्बोरंडम महाग आणि कडकपणा तर कायम आहे, मग तो वाया का घालवायचा? मी तो गोळा केला, धुतला आणि नव्यात मिसळला. या रोल्यांनी मला सगळ्यात जास्त पेचात पाडलं, कारण दोष एका जागी सापडेना. एका पट्ट्यात डाळ कुरतडायची, दुसऱ्या पट्ट्यातून तूर जशीच्या तशी निघायची. मिलवाले रोल्याभोवतीच्या जाळीला दोष देत होते, मी त्यांच्या मोटरला. कारण माझ्याच घमेल्यात होतं. मिसळलेल्या मालात जे थोडे दाणे इतरांपेक्षा उंच राहतात, सगळा भार तेच उचलतात. बाकीचे खाली नुसते बसून असतात. उंच दाणे खोल खणतात, लवकर उपटतात आणि मग सुटे होऊन रोला आणि जाळीच्या मधे गडगडत फिरतात. सुटा दाणा पक्क्या बसलेल्या दाण्यापेक्षा फार कमी कापतो. अमेरिकेत एमआयटीच्या राबिनोविच यांनी धातूंवर हे मोजलं, तर फरक दहापटीच्या घरात निघाला. सुटा दाणा कापण्यापेक्षा लोळण्यातच वेळ घालवतो. पण माझ्या बाबतीत तो लोळत लोळत जाळीची भोकं मोठी करून गेला.

भाच्यानं यावर जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या आयुष्यभराच्या प्रश्नाची लाज वाटली. दाणा समोरच्या वस्तूपेक्षा साधारण सव्वापट कडक असला की पुरे. त्यापुढं तो आणखी कितीही कडक असला तरी झीज फारशी वाढत नाही. इंग्लंडमध्ये रिचर्डसन यांनी 1960 च्या दशकात शेतीच्या अवजारांवरच हे तपासलं होतं. तुरीच्या टरफलापुढं कार्बोरंडम काय, एमरी काय आणि साधी गारगोटी काय, सगळेच कडक. म्हणजे दुकानदाराला मी जे विचारत होतो त्याचं उत्तर कधीच कामाचं नव्हतं. उरतात दाण्याची जाडी आणि कोपरे. कोपऱ्यांचं मोजमापही लोकांनी केलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्टाखोव्हियाक यांनी दाण्याच्या कडेवर किती सुळे आहेत आणि ते किती टोकदार आहेत, याचा आकडाच बांधला. आकडा वाढला की झीज वाढते. टोकदार दाणा रंध्यासारखी सालपट काढतो. गोल दाणा माल दोन्ही बाजूंना सारतो आणि चर पाडून पुढं जातो, तुकडा सुटत नाही. धातूची झीज तपासायची जी जुनी प्रमाण चाचणी आहे, रबराच्या चाकाखाली वाळू सोडायची, तिच्यात मुद्दाम गोल दाण्याची आणि 0.2 ते 0.3 मिलिमीटरच्या मापातली वाळूच घेतात. नाही तर आजचा आकडा उद्या जुळायचा नाही. प्रयोगशाळेतले लोक वाळू चाळून घेतात आणि मी घमेल्यातला दाणा डोळे मिटून ओतत होतो.

बारीक धुळीबद्दलचा माझा समज तर याहून उलटा होता. खडा दिसला की मी बेअरिंग बदलायचो. पिठासारखी धूळ दिसली की फडक्यानं पुसून पुढं जायचो. आमच्या शेतावरच्या ट्रॅक्टरचं इंजिन या समजापायी गेलं. धातूवर घासताना दाणा जाड होत गेला की झीज वाढते, पण 100 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या पुढं ती फारशी वाढत नाही, आणि त्याच्या खाली ती झपाट्यानं कमी होते. हे भाच्यानंच सांगितलेलं. मी त्यातून सोयीचा अर्थ काढला की बारीक धूळ निरुपद्रवी. इंजिनात गणित वेगळं असतं. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा. जाड कण त्या फटीत शिरतच नाही. अगदी बारीक कण तेलासोबत वाहून जातो. मधला, 5 ते 20 मायक्रॉनचा कण फटीत बरोबर बसतो आणि दोन्हीकडचं लोखंड खरवडतो. डोळ्याला तो दिसतही नाही. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा.

त्या काळात अमरावती-अकोला महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं. पुढं जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, पण त्याआधी आम्ही जी धूळ खाल्ली तिचा विक्रम कुणी नोंदवला नाही. आमचा ट्रॅक्टर गिट्टी वाहायला लावला होता. फिल्टर चोंदला की मी वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरनं फुल प्रेशरनं बाहेरून हवा मारायचो. कागदाच्या घडीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली असणार. मी उजेडासमोर धरून कधी पाहिलं नाही. आणि ही धूळ काळ्या वावरातली नव्हती. आमच्या रेगड मातीतला बराच भाग चिकणमातीचा, कण दोन मायक्रॉनच्या आतले, चपटे, मऊ. गिट्टी क्रशरची धूळ म्हणजे नुकताच फुटलेला काळा दगड. प्रत्येक कण कोऱ्या कोपऱ्याचा. इंजिन तेल खाऊ लागलं, निळा धूर यायला लागला. उघडलं तेव्हा लायनरला वरच्या बाजूला नखाला लागेल असा काठ पडला होता.

पात्यांचं थोडक्यात सांगतो. रोटाव्हेटरच्या पात्यांना महागडी हार्डफेसिंगची वेल्डिंग करून द्यायचो, सरसकट सगळ्यांना. काळ्या चिकण जमिनीवाल्याचा पैसा त्यात निम्मा वाया गेला, कारण त्याच्या मातीत पातं खाणारा जाड दाणाच कमी. पातूरकडच्या मुरमाड जमिनीवाल्याला मात्र त्याची खरी गरज होती आणि त्यानं परवडत नाही म्हटल्यावर मी साध्या पात्यावर पाठवलं. माती कोणती, हे दोघांनाही विचारलं नाही.

आता जे सांगायचं ते सगळ्यात अवघड. रोल्याचा ड्रम गंजला असेल तर नवा थर धरत नाही. म्हणून मी वाळूच्या फवाऱ्यानं गंज काढायला सुरुवात केली. वाळू कन्हानची घेत होतो, कारण ती गारगोटीची, कडक. पुन्हा तोच शब्द. एक पोरगा हे काम करायचा. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, झालं. उघड्या शेडमध्ये काम आहे, धूळ उडून जाते, असं मी म्हणायचो. गोल झालेली नदीची वाळू लोखंडावर आदळली की फुटते आणि कोऱ्या कोपऱ्यांची पूड होते. तिच्यातले 5 मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण छातीच्या तळापर्यंत जातात. रुमाल त्यांना अडवत नाही. नुकतीच फुटलेली गारगोटी जुन्या धुळीपेक्षा फुप्फुसाला जास्त घातक. ब्रिटननं 1949 च्या नियमांनी ओतीव काम साफ करायला वाळूचा फवारा मारणं बंद केलं. आपल्याकडे सिलिकोसिस 1948 च्या कारखाना कायद्यातच नोंद करायलाच हवी अशा रोगांच्या यादीत होता. मी कारखानदार आहे आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

तो एकदा म्हणाला होता, "भाऊ, जिना चढला का दम लागून रायला." मी म्हटलं, बिडी सोड. तो बिडी ओढत नव्हता, हे मी पाहिलंही नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि आधी विचारलं, काम काय करतो? फुप्फुसावरचे ते ठिपके पुसून निघत नाहीत, यावर बरं करणारं औषध नाही, फक्त पुढची धूळ थांबवता येते. मी फवारा बंद केला. त्याला हिशेबाच्या टेबलावर बसवलं, औषधाचा खर्च करतो. त्यानं माझ्यावर केस केली नाही, म्हणून मी सुटलो असं मला वाटत नाही.

आता गंज आणि जुना थर आम्ही पाणी मारत ओल्यात काढतो. कार्बोरंडमचं पोतं आलं की मूठभर दाणा चाळणीवर घालून लेन्सखाली पाहतो. पोत्यावर 36 लिहिलेलं असतं आणि आत 30 पासून 60 पर्यंत सगळं निघतं, असं मी पाहिलं आहे. मिलवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: रोला भरायला द्याल तेव्हा माझ्यासारख्या मिस्त्रीच्या "एकदम कडक माल टाकतो" या बोलण्यावर जाऊ नका. दाणा कोणत्या नंबरचा, तो तुमच्यासमोर चाळून दाखवणार का, नवा आहे की जुन्यात मिसळलेला आहे, आणि टोकं मारून देणार का, हे विचारा. शेडच्या मागं जाऊन थर उतरवणारा पोरगा कोरड्यात काम करतो की ओल्यात, तेही एकदा पाहा, आणि कोरड्यात करत असेल तर रोला तिथं देऊ नका.